रोज पन्नास पावलांचा रस्ता

जरा माझ्याबरोबर कल्पना करा, मुलांनो. एप्रिल महिना, दुपारचे बारा. नागपुरातल्या महाल भागातली एक अरुंद गल्ली. दुकानांची शटरं अर्धी खाली ओढलेली. कुठल्यातरी घरातून कूलर घुमतोय, वाळ्याचा ओला वास येतोय. गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही, कावळाही नाही. ऊन असं की तुमची सावली घाबरून तुमच्याच पायाखाली जाऊन बसली आहे. रात्रीची भीती सगळ्यांना ठाऊक असते. भर दुपारची भीती वेगळी. सगळं लख्ख दिसतं... आणि कोणीच दिसत नाही.

आता नीट पाहा. पुढे वीस पावलांवर कोणीतरी चाललं आहे. पाठमोरा, उंच तरुण. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलकेच वाजवत. पावलं मोजा... नऊ, दहा, अकरा. अकराव्या पावलावर तो थांबतो आणि डाव्या खांद्यावरून मागे वळून पाहतो.

त्याला चेहरा नाही.

घाबरू नका. ही गल्ली खरी नाही. ती उन्नतीनं कॉम्प्युटरवर बांधली होती.

उन्नती भिवापूरकडची, मिरची पिकवणाऱ्या घरातली. नागपूरच्या एका विद्यापीठात ती कॉम्प्युटर गेम बनवायला शिकत होती. “खेळायले कॉलेज कायले लागते?” असं तिचे बाबा पहिलं वर्षभर विचारत होते. आता ती शेवटच्या वर्षाला होती आणि परीक्षेसाठी तिनं हा भुताचा गेम केला होता.

भुताचं चालणं मात्र तिचं नव्हतं. लॅबमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर तिला ते सापडलं होतं. नाव नाही, तारीख नाही, नुसतं ‘चाल – सात’. चालणं कसं साठवतात, ऐका. एक माणूस अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घालतो, त्यावर ठिकठिकाणी चकचकीत ठिपके. खोलीत चहूबाजूंना कॅमेरे. माणूस चालतो आणि कॅमेरे फक्त ते ठिपके टिपतात. चेहरा येत नाही, आवाज येत नाही, चालणं तेवढं उरतं. ते मग कुणाच्याही अंगावर चढवता येतं. उन्नतीनं ते भुताच्या अंगावर चढवलं. चौदा सेकंदांचं ते चालणं तिनं हजार वेळा तरी पाहिलं असेल. आणि – हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं – त्या चालण्यावर तिचा जीव जडला होता.

गेम होत आला की तो अनोळखी माणसांना खेळायला देतात. त्याचा एक कडक नियम असतो. बनवणाऱ्यानं मागे बसायचं, वहीत लिहायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. खेळणारा अडको, चुको, वैतागो – आपण गप्प.

त्या दिवशी नऊ जण खेळून गेले. नऊच्या नऊ जण भूत दिसताच उलटे पळाले. दहावा मुळात खेळायला आलाच नव्हता. त्याचं ऑफिसात काही कागदांचं काम होतं, तिथं जेवणाची सुट्टी झाली, म्हणून तो कूलर शोधत लॅबमध्ये शिरला. काखेत कुबड्या, उजवा पाय काठीसारखा ताठ.

“इथं बसू का? पाचच मिनिटं.”

“बसा ना. पण बसलं का खेळाव लागते,” उन्नती म्हणाली.

“अन् हारलो तं?”

“हारलं का भूत पकडते.”

“बाप्पा! चालते. कोणी तं पकडू दे,” तो हसला आणि कुबड्या टेबलाला टेकवून बसला.

गल्ली सुरू झाली. भूत दिसलं. तो पळाला नाही. भुताच्या मागे मागे चालू लागला. भूत थांबलं, हाही थांबला. भूत वळलं, हा त्याच्याकडे पाहत राहिला. उन्नतीची पेन्सिल वहीवरच थबकली... कारण त्याच्या रिकाम्या हाताची बोटं मांडीवर हलकेच वाजत होती. अगदी भुताच्या तालात.

गल्ली संपली. त्यापुढे उन्नतीनं काही बांधलंच नव्हतं. रस्ता नाही, भिंत नाही, आकाश नाही, नुसतं पांढरं. भूत त्या पांढऱ्यात चालत गेलं आणि लहान लहान होत दिसेनासं झालं.

त्यानं मागे वळून पाहिलं. डाव्या खांद्यावरून.

“हे कोणाचं चालणं आहे, माहीत आहे का तुले?”

तिनं मान हलवली. नाही.

“माहं,” तो म्हणाला.

त्याचं नाव स्वानंद. उन्नती यायच्या आधीच तो इथून पास होऊन पुण्याला नोकरीला गेला होता. शिकत असताना मित्रांच्या प्रोजेक्टसाठी तो ठिपके लावून चालला होता आणि विसरूनही गेला होता. मग गेल्या डिसेंबरात मोटारसायकल घसरली. पायात सळई टाकली. पाय राहिला, पण वाकेना, म्हणून तो नागपूरला घरी परतला होता.

“सॉरी,” उन्नती कशीबशी म्हणाली. “मी कोणाले विचारलंच नाही. आजच काढून टाकते.”

“नको ना वं!” तो इतक्या घाईनं म्हणाला की दोघंही जरा दचकले. मग त्यानं स्क्रीनवरच्या पांढऱ्याकडे पाहिलं. “उद्या येतो मी. थोडासा रस्ता पुढं बांधशील?”

तिनं बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच लॅबमध्ये येऊन पन्नास पावलांचा रस्ता बांधला. बरोबर बाराला कॉरिडॉरमध्ये कुबड्यांची टकटक ऐकू आली आणि उन्नतीनं उगाच ओढणी सारखी केली. तिसऱ्या दिवशी आणखी पन्नास. मग रोजच.

“आज काय आहे?” तो खुर्चीत बसता बसता विचारायचा.

“तर्रीपोह्याची गाडी.”

“भूत पोहे खाते?”

“भूत नाही खात. त्याच्या मागून येणारा खादाड आहे, असं ऐकलं.”

“मंग तर्री जास्त टाक.”

तिनं टाकली. तो म्हणाला म्हणून पिंपळाखाली झोपलेलं कुत्रं टाकलं, सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. एका गच्चीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या मात्र तिनं स्वतःच्या मनानं टाकल्या. त्या दिवशी तो गच्चीखाली बराच वेळ थांबला.

एकदा तिनं धीर करून विचारलंच. “अकराव्या पावलाले कोणाले पाहून राहिला होता गा?”

“दारात कोणी आलं होतं.”

“पोरगी?”

“असन. तोंडाले स्कार्फ बांधला होता. नुसते डोळे दिसत होते.” तो तिच्याकडे पाहत म्हणाला, “तूच असशील.”

“मी तेव्हा अकरावीत होती. भिवापूरले.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“अरेरे,” तो म्हणाला, “मंग वाया गेलं ना वं माहं वळणं.”

उन्नतीनं वही तोंडासमोर धरली. हसताना दिसू नये म्हणून.

पण एक गोष्ट तिनं त्याला सांगितली नाही. एका सकाळी ती एकटीच लॅबमध्ये आली, गेम सुरू केला, आणि भूत चाललंच नाही. कालच्या रस्त्याच्या टोकाला, पांढऱ्याच्या काठावर, ते मागे तोंड करून उभं होतं. चौदा सेकंदांचं चालणं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. अकराव्या पावलावरचा तो क्षण सोडला तर त्यात उभं राहणं नव्हतंच. तिनं सगळं तपासलं. कुठंही चूक नव्हती. पुढचा रस्ता बांधून झाला, तरी भूत तसंच. अंगावर काटा आला, तरी ती बसून राहिली. बारा वाजले. कॉरिडॉरमध्ये टकटक झाली... आणि भूत वळून चालू लागलं.

तिला जे कळलं ते भीतीपेक्षा अवघड होतं. तेही तिच्यासारखंच त्याची वाट पाहत होतं.

सोळाव्या दिवशी तो खेळत असताना त्याचा फोन वाजला. “हो आई... हॉस्पिटलातच आहो. हो, व्यायाम सुरूच आहे. ठेवतो.”

नियम होता, तोंड उघडायचं नाही. उन्नतीनं उघडलं.

“कोणतं हॉस्पिटल?”

“रामदासपेठेतलं,” तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. “बाराले व्यायाम राहते.”

“अन् बाराले तू इथं राहते.”

“हं.”

“डॉक्टर काय म्हणते?”

“म्हणते, जूनच्या आत वाकला तं वाकला पाय. नाही तं जन्मभर असाच.” तो हसला, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. “तिथं सहा पावलं टाकाले अर्धा तास लागते, उन्नती. इथं पाह्य ना... कसा चालून राहिलो मी.”

तिनं पाहिलं. पडद्यावर तो सुरेख चालत होता. खुर्चीतला पाय कोपऱ्यात ठेवून दिलेल्या सामानासारखा पडला होता.

शहराबाहेर बेसा भागातल्या तिच्या भाड्याच्या खोलीवर त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. रस्ता बांधत राहिलं तर तो रोज येईल, रोज विचारेल, आज काय आहे. नाही बांधला तर कशाला येईल? आणि पाय? पाय जूनची वाट पाहत होता. तिची परीक्षाही चार दिवसांवर आली होती, आणि भुताशिवाय तिच्या गेममध्ये होतं तरी काय?

सकाळी तिनं रस्त्याच्या टोकाला एक घर बांधलं. दोन पायऱ्या, निळं दार.

बाराला स्वानंद आला. भूत चालत गेलं, पायऱ्या चढलं. दार उघडलं. उंबऱ्यावर ते थांबलं आणि वळलं. तिथं वळणं नव्हतं, मुलांनो. तिनं ठेवलंच नव्हतं. ते स्वानंदकडे पाहत नव्हतं. त्याच्या खांद्यावरून, स्क्रीनमधून बाहेर, मागे बसलेल्या उन्नतीकडे पाहत होतं. चेहरा नव्हता, तरी तिला वाटलं, त्यानं मान किंचित हलवली. मग ते आत गेलं. दार लागलं.

“दार उघड ना,” स्वानंद म्हणाला.

“उघडत नाही.”

“आत काय आहे?”

“काही नाही. मी आत काही बांधलंच नाही.”

“उद्या बांधशील?”

“नाही.”

त्यानं बंद दारावर पुन्हा दोनदा क्लिक केलं.

“काहून?”

“तू रोज यावं म्हणून रस्ता वाढवून राहिली होती मी,” ती म्हणाली. “गेमसाठी नाही, परीक्षेसाठी नाही. तू यावं, एवढ्यासाठी. तुह्या पायाचे सोळा दिवस खाल्ले मी. आता नाही.”

त्यानं कुबड्या ओढून घेतल्या. उठायला त्याला वेळ लागला आणि तिनं मदत केलेली त्याला नको होती.

“तुले तो आवडते,” त्यानं बंद दाराकडे बोट दाखवलं. “मले पहिल्या दिवशीच समजलं होतं, तू कशी पाहते त्याले. तो तं गेला आत. आता मी इथं येऊन काय करू?”

ती काही बोलायच्या आत टकटक कॉरिडॉरच्या टोकाला पोचली होती.

परीक्षकांना शेवट आवडला नाही. भूत घरात जातं आणि खेळणारा भर उन्हात एकटा उरतो, यात गंमत काय? “चांगलं भूत होतं. घरात काहून पाठवलं?” तिला शिकवणाऱ्या नीला मॅडमनी नंतर विचारलं. “दमलं होतं, मॅडम,” एवढंच ती म्हणाली. पास झाली, पण जेमतेम.

सहा दिवस झाले. तो आला नाही. सातव्या दिवशी उन्नतीनं तोंडाला स्कार्फ बांधला आणि मैत्रिणीची स्कूटी घेऊन निघाली. रामदासपेठेत बाराचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सिग्नल कोणासाठी कोण जाणे लाल होत होता, हिरवा होत होता. हॉस्पिटलच्या फाटकातून चालताना ती स्वतःची पावलं मोजत होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. अकराव्याला तिनं वळून पाहिलं.

मागे कोणी नव्हतं.

व्यायामाच्या खोलीत कमरेइतक्या उंचीच्या दोन लांब दांड्या होत्या. त्यांच्यामध्ये स्वानंद. दांड्या घट्ट धरलेल्या, शर्ट घामानं चिकटलेला. डावं पाऊल पडे, मग कंबर वर उचलली जाई, मग उजवा पाय घासत, हिसका देत पुढे येई. उन्नतीला पाठ असलेल्या चालण्यातलं त्यात काहीही नव्हतं. भुताचं प्रत्येक पाऊल तिला आधी कळायचं. हे कुठं पडेल, कधी पडेल, पडेल तरी का... तिला काहीच कळत नव्हतं.

त्यानं तिला पाहिलं. “आली का? पाह्य. हा असा चालतो मी.”

“दिसून राहिलं.”

“भेव वाटते?”

“वाटते. तू पडशील म्हणून.” ती जवळ आली. तिनं तोंडावरचा स्कार्फ सोडला. “भुताची कधी काळजी नाही वाटली गा मले. कितीक वेळा पाहिलं त्याले. एकदाही नाही.”

त्यानं दांड्यांवरची पकड नीट केली. मग म्हणाला, “हे तुह्या गावाकडं प्रेमात पडल्याचं सांगणं असते का?”

“हो. तुमच्या पुण्यात कसं सांगते?”

“पुण्यातलं सोड,” तो म्हणाला. आणि कितीतरी दिवसांनी नेहमीसारखा हसला.

व्यायाम शिकवणाऱ्या हर्षा मॅडमनी दांड्यांच्या मध्ये एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं. सहा पावलांवर. “तिथवर या, मग बसा,” त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे वळल्या. उन्नती जाऊन त्या स्टुलावर बसली.

एक पाऊल. दोन. तिसऱ्याला तो डगमगला, तिनं हात पुढे केला नाही. चार. पाच. सहाव्याला त्याचा घाम तिच्या हातावर टपकला.

“पोचलो,” तो धापा टाकत म्हणाला. “उठ वं. मले बसू दे.”

उन्नती उठली. आणि मग त्या पोरीनं काय केलं, ठाऊक आहे? तिनं स्टूल उचललं, दोन फरश्या मागे नेऊन ठेवलं, आणि पुन्हा त्यावर बसली.