रेघ सरळ येईपर्यंत

रंगाच्या दुकानात मी बाळाच्या खोलीसाठी गुलाबी मागितला आणि शेजारचा माणूस खुदकन हसला.

वळून बघितलं. केस पांढरे, मिशी काळीभोर, बोटांवर निळे डाग. डोळे हसरे… असो.

"हसायला काय झालं?"

"काही नाही, आजीबाई. बाळाच्या खोलीला जो तो गुलाबीच नेतो."

"आजी मी बाळाची आहे, तुमची नाही. आणि तुमच्या मिशीचा काळा कुठल्या डब्यातला, ते मी विचारलं का?"

दुकानदाराला ठसका लागला. तो माणूस मात्र रागावला नाही. बक्षीस मिळाल्यासारखा बघत राहिला! मी डबा उचलला आणि तोऱ्यात बाहेर पडले. शाळा फारशी बघितली नाही मी, पण नवऱ्यामागे हे घर एकटीने उभं केलंय. माझ्या शब्दावाचून इथे भिंतीत खिळा जात नाही.

घरी सूनबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. डबा बघून म्हणाली, "आई, हा फिका रंग त्याला आत्ता कळणारच नाही हो. डॉक्टर म्हणाल्या, सुरुवातीला बाळांना ठळक काळं-पांढरं चांगलं दिसतं. तेही वीत-दीड वीत अंतरावरचं."

"काळं? बाळाच्या खोलीत?"

"हो, काळं. रंगाऱ्याला उद्या बोलावलंय मी."

मला न विचारता! पण सून मीच पसंत केलेली. ती मिळमिळीत कशी निघेल? मनातल्या मनात म्हटलं, शाब्बास.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर दारात तीच मिशी.

"तुम्ही?"

"मी. आणि आज आजीबाई म्हणणार नाही. शहाणा झालोय."

बाळाला रंगाचा वास नको, म्हणून त्याने बाल्कनीत लाकडी पाट्या मांडल्या. एकीवर जाड रेघा, एकीवर गोल, एकीवर दोन डोळ्यांचं हसरं तोंड. वाळल्या की पाळण्याशेजारच्या भिंतीवर ठोकायच्या. दोन दिवसांचं काम. मी खुर्ची टाकून देखरेखीला बसले.

"ही रेघ वाकडी आहे."

"कुठे?"

"इथे. डोळे आहेत की बटणं?"

"तुम्ही समोर बसल्यावर… रेघेकडे कोण बघणार?"

या वयात असलं बोलणं! चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "पुसा आणि पुन्हा काढा."

त्याने पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकडी. तिसऱ्या दिवशी गोल चेपलेला. मी खोड काढायची, त्याने हसत पुसायचं. मधे चहा.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"एक रेडिओ. बायको गेल्यापासून तोच बोलतो. पण उलट उत्तर देत नाही हो."

"उलट उत्तरं हवीत वाटतं?"

"तुमची… चालतील."

मी कपातलं बघत बसले. कपात काहीच नव्हतं.

मग एक दिवस त्याने रेघ काढली ती सरळसोट. ओळंबा लावून काढल्यासारखी. आता काम संपणार, आणि काम संपलं की हा कशाला येतोय?

"वाकडी आहे," मी म्हटलं.

त्याने रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हो की. फारच वाकडी." आणि स्वतःच्या हाताने तिच्यावर पांढरा फासला.

तेवढ्यात सूनबाई बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी. "आई, बाळ शाळेत जायला लागलं की लावायच्या का पाट्या? आताच बघायचे दिवस आहेत त्याचे. कोऱ्या भिंतीकडे टकामका बघत पडलेलं असतं बिचारं, तुमच्या दोघांच्या वाकड्या रेघांपायी!"

दोघांच्या. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. माझ्या हौसेपायी माझ्या नातवाला उणं पडावं? छे!

"आज संपवा," मी म्हटलं.

"आज संपवलं तर…"

"माहीत आहे मला. संपवा."

त्याने ब्रश उचलला. जेवणवेळेच्या आत सगळ्या पाट्या तयार. एक रेघ इकडची तिकडे नाही.

"म्हणजे तुम्हाला येत होतं!"

"आणि तुम्हाला दिसत होतं," तो हळूच म्हणाला.

पाट्या वाळल्यावर त्याने त्या पाळण्याशेजारी पक्क्या ठोकल्या. सूनबाईने बाळाला जवळ धरलं. त्याची भिरभिरती नजर काळ्या गोलावर गेली आणि… तिथेच थांबली! तिने त्याला सावकाश पुढे नेलं, तसे डोळे मागे वळून गोलालाच धरून राहिले.

"बघा, बघा! माझ्या नातवाची नजर आहे ही! धरलं ते सोडायचं नाही!"

"नजर आजीवर गेलीये," रंगारी म्हणाला. सूनबाई गालात हसली.

मग त्याने ब्रश फडक्यात गुंडाळले. दाराशी चपला घातल्या. मी उंबऱ्यात उभी. मी कधी कुणाला थांब म्हटलेलं नाही. लोक माझ्याकडे येतात, मी बोलवत नाही.

"येतो मग," तो म्हणाला.

जाणारा प्रत्येक माणूस म्हणतो तसंच. मी 'बरं' म्हणायचं आणि दार लावायचं.

"कधी?" मी विचारलं.

"अं?"

"येतो म्हणालात ना? कधी येता?"

"काम… संपलं ना?"

"कामाचं कोण बोलतंय?" सूनबाई ऐकत होती. म्हटलं ऐकू दे. चांगला मोठा आवाज काढला. "मी बोलावतेय. मी!"

त्याच्या मिशीखाली हसू मावेना. "उद्या… सकाळी?"

"उद्या सकाळी," मी म्हटलं. "आणि ब्रश घरी ठेवून या."