शंभर टक्के आणि करंजघाट

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. पण त्या दिवशी जयूआत्यासुद्धा घाबरली होती, आणि ती कशालाच घाबरत नाही.

आमचं घर करंजघाटाच्या माथ्यावर. २०४३ च्या मे महिन्यात आत्याने विजेवर चालणारी नवी स्पोर्ट्स कार आणली. आजोबांची पेट्रोलची गाडी सत्तर वर्षांची. आजोबा निवृत्त शास्त्रज्ञ, पण गाडीच्या बाबतीत हट्टी. "घाटात माझी म्हातारीच भरवशाची," म्हणत त्या दिवशी ते आत्याच्या आणि माझ्या मागून घाट उतरायला निघाले.

दुसऱ्या वळणावर आत्याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. रोज एवढ्यानेच गाडी हळू होते. आज झाली नाही. पडद्यावर अक्षरं उमटली, 'ऊर्जा-परतावा बंद' (ऊर्जा-परतावा म्हणजे चाकांच्या गतीपासून वीज बनवून बॅटरीत भरणं, त्यातच वेग कमी होतो). आत्या सारखा ब्रेक दाबू लागली. सहाव्या वळणावर जळका वास आला.

"ऋजू, ब्रेक तापलेत. नीट धरत नाहीत गं."

माझ्या खिडकीखाली दरी होती. मी गाडीतल्या फोनवरून आजोबांना ओरडून विचारलं, "तुमची गाडी हळू कशी उतरते?"

"दुसऱ्या गिअरमध्ये. चाकांना इंजिन फिरवावं लागतं, त्यात वेग दमतो," आजोबा म्हणाले. "वेग म्हणजे ऊर्जा, बाळा. ती नाहीशी होत नाही, तिला कुठेतरी जागा लागते. तुमची बॅटरी किती भरलीय?"

"शंभर टक्के!"

मग मलाच कळलं. भरल्या हंड्यात पाणी ओतत होतो आम्ही!

"आत्या, वीज खर्च करूया!"

मी हीटर लावला, एसी लावला, दिवे, गरम होणाऱ्या सीटा, सगळं. हे सगळं मिळून जेवढी वीज खाईल, तेवढी चाकं बनवू लागली. गाडी किंचित अडखळली, मग हळू झाली. मे महिन्यात हीटर! आम्ही घामाने निथळत होतो आणि मी रडत होते. तीन वळणांनंतर सपाट जागा आली आणि गाडी थांबली.

आजोबा उतरून धावत आले.

"टाकी काठोकाठ भरल्याशिवाय घरातून गाडी काढायची नाही, हा माझाच नियम. म्हणून आज सकाळी तुमची गाडी चार्जिंगला मीच लावली होती," ते म्हणाले. "चुकलं माझं."

आता आम्ही नव्वद टक्क्यांवर निघतो. मला दरीची भीती अजून वाटते. पण पायथ्याशी चौऱ्याण्णवचा आकडा मी फोनवर सांगते, तेव्हा आजोबा मागून हॉर्न वाजवतात. वरचे चार टक्के घाटाने दिलेले असतात.