टाकीतली लाट

२००६ सालच्या उन्हाळ्यात रंगनाथ नाशिकच्या पेठ नाक्याजवळच्या आपल्या गॅरेजच्या शेडमध्ये जिप्सीखाली आडवा होऊन टाकीच्या फ्लोटची वायर सोडवत होता. गाडी त्याची स्वतःची. पूर्वी ती रॅलीत पळायची, तेव्हाच्या मालकानं, ललितनं, इंजिनाला बाहेरून मागवलेला कॉम्प्युटर बसवला होता. इंजिन झकास चालायचं, पण त्या खटपटीत पेट्रोलचा काटा कायमचा मेला होता. रॅलीवाल्यांचं काट्यावाचून अडत नाही, ते मापानंच भरतात. रंगनाथचं अडत होतं. त्याची मुलगी शुभांगी पहिलटकरीण. तिला विंचूरहून बाळंतपणाला घरी आणायचं होतं, आणि वाटेत पेट्रोल संपून पोटुशी पोर उन्हात उभी राहायला नको होती. ही काळजी खरं तर त्याच्या बायकोनं, वत्सलानं, केली असती. पण ती पौषातच गेली.

काम तसं सरळ होतं. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वरखाली झाला की वायरमधला व्होल्टेज बदलतो. मध्ये एक रेझिस्टन्स घालून ती वायर कॉम्प्युटरच्या रिकाम्या पिनेला द्यायची. मग टाकी कोरडी करून मापाच्या डब्यानं थोडं थोडं पेट्रोल ओतायचं आणि दर वेळी कॉम्प्युटरला सांगायचं, आता एवढं आहे. ललितनं आपला जुना लॅपटॉप देऊन ठेवला होता. त्यावर पेट्रोलची पातळी हिरव्या रेघेसारखी सरकत राहायची.

मापं पुरी झाली त्या दुपारी ललित स्टुलावर चहा पीत बसला होता.

"रंगाभाऊ, गाडीत कोण बसलं?"

"कोण बसणार? मी तर हा इथं उभा."

"मग हे बघा."

सरळ रेघेवर एक फुगवटा आला होता, त्यामागं दोन बारके, मग रेघ केसभर खाली जाऊन तिथंच सरळ. ललित उठला आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसला. त्याच्या वजनानं स्प्रिंगा दबल्या, टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं, आणि रेघेवर तस्साच फुगवटा उठला.

"डिट्टो! भाऊ, शेजारी बसून रस्ता सांगायला, नेव्हिगेटर म्हणून, भूत ठेवलं काय? पगार मागत नसेल तर मलापण एक द्या."

"अर्थिंगची वायर ढिली असेल," रंगनाथ म्हणाला.

ललित गेल्यावर त्यानं चॅसीचा रंग खरवडून अर्थिंग नव्यानं दिलं. टाकीपासून कॉम्प्युटरपर्यंत वेगळी वायर ओढली. दुसऱ्या दुपारी लाट आलीच. थोड्या वेळानं उलटी लाट आली, कोणी उतरल्यासारखी. ढिल्या वायरीनं रेघेला खिळ्यासारखी टोकं येतात, लाटा येत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. मग त्यानं गाडी लोखंडी स्टँडवर चढवली. स्प्रिंगांना दबायला जागाच उरली नाही.

तरी लाट आली.

त्यानंतर त्यानं फॉल्ट शोधणं सोडलं. गाडी खाली घेतली. जेवण झालं की तो चावी फिरवून, लॅपटॉप मांडीवर घेऊन स्टिअरिंगमागं बसू लागला. घरात पौषापासून कोणी त्याला जेवलात का म्हणून विचारलं नव्हतं. रेघ हलली की तो हळूच म्हणायचा, "आलीस?" आणि शुभांगीचा फोन आला होता, वरण आज करपलं, असं काहीबाही सांगत राहायचा. सीट नुसती रिकामी दिसायची. हात लावला तर रेक्झिन गार लागायचं, एवढ्या उन्हाळ्यात.

एक गोष्ट त्याला खटकायची. शेवटच्या दिवसांत वत्सलाला तो एका हातानं उचलून या सीटवर बसवायचा, इतकी ती वाळली होती. ही लाट भरल्या अंगाच्या माणसाची होती. पण त्यानं ते मनावर घेतलं नाही. तिकडं गेल्यावर दुखणं उतरलं असेल, अंगानं भरली असेल, असं तो स्वतःला सांगायचा.

शुभांगीला आणायच्या दिवशी वत्सलाची धाकटी बहीण लताबाई सोबतीला आली. ती पुढचं दार उघडायला लागली तशी रंगनाथ म्हणाला, "तिथं नको. मागं बस."

"का हो दाजी? कोणाला राखून ठेवली?"

त्यानं गाडी सुरू केली. औरंगाबाद रोडला लागल्यावर, शहर मागं पडल्यावर, त्यानं तिला सगळं सांगितलं. ती चेष्टा करेल असं त्याला वाटलं होतं. ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. चांदोरी आलं.

"लता?"

"दाजी, दहाव्याला रामकुंडावर तुम्ही काय बोलला होता, आठवतं?"

आठवत होतं. कावळा पिंडाला शिवत नव्हता. सगळ्यांनी बोलून पाहिलं. शेवटी त्यानं डोळे मिटले, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "चल, गाडीत बस. पोरीला बाळंतपणाला आणायला आपण दोघं जाऊ." त्याबरोबर मागून आवाज झाला, शिवला, शिवला. तो तिथंच ढसाढसा रडला होता.

"आपल्या पिंडाला नाही शिवला," लताबाई म्हणाली. "शेजारच्या. तिथं ओळीनं किती जणांचे मांडलेले होते. तुमचं बोलणं झालं न झालं तोच झडप घालून तो शेजारच्या पानावर बसला. तुम्ही रडत होता तेवढ्यात भटजींनी आपल्याला दर्भाचा कावळा केला. तुमची अवस्था बघून आम्ही कोणीच बोललो नाही."

"शेजारी कोण होतं?"

"काय माहीत. कोवळा पोरगा होता पिंडापाशी. मिसरूडही धड फुटलं नव्हतं. त्याची आई मागं उभी होती, पदराखाली दहा दिवसांचं आईवेगळं नातवंड घेऊन."

रंगनाथनं गाडी कडेला घेतली. लॅपटॉप पुढं पायाशी चालूच होता. निघाल्यापासून रेघ रस्त्याच्या धक्क्यांनी नाचत होती. ती आता निवळत निवळत सरळ झाली, केसभर खालीच, कोणी बसलेलं असावं तशी.

विंचूरला पोचल्यावर त्यानं शुभांगीला एसटीनं जाऊ म्हणून पाहिलं. तिच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो व्याही, दिवस भरत आलेल्या पोरीला एसटीत रेटता? दारात गाडी असून?"

"अण्णा, तुमचं आपलं काहीतरीच," शुभांगी म्हणाली आणि तिनं पुढचं दार उघडलं.

"मागं बस, बेटा. लतामावशीजवळ."

"मागं दणके बसतात. मी इथंच बसणार." आणि ती बसली. बसता बसता अंगाला शहारा आला तशी हसली. "एसी कधी बसवला हो?"

रंगनाथनं रेघेकडं पाहिलं. एक लाट आली, शुभांगीची. आधी बसलेलं कोणी उतरल्याची उलटी लाट काही आली नाही.

नाशिकपर्यंत त्यानं गाडी सायकलच्या वेगानं आणली. लताबाई मागं तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. शुभांगी बाळाच्या कपड्यांबद्दल बोलत होती, मध्येच थांबत होती, पोटावर हात ठेवत होती.

"काय गं?"

"काही नाही. फिरतंय. आज सारखं डाव्या अंगालाच जातंय."

शेडसमोर गाडी थांबली. लताबाई आधी उतरली, शुभांगीच्या हाताला धरायला. मग शुभांगी उतरली. रेघेवर तिची उलटी लाट उठली.

ती निवळायच्या आत तिच्याच पाठोपाठ दुसरी उठली.

मग रेघ सरळ झाली.

दोघी बोलत बोलत घरात गेल्या. रंगनाथ गाडीतच बसून राहिला. किती वेळ बसला कोण जाणे. रेघ हलली नाही. शेवटी तो उतरला, वळसा घालून डावीकडं गेला, दार सताड उघडलं आणि घराच्या दिशेनं हात जोडले.

"बाई, चुकलं माझं," तो हळू म्हणाला. "या, बसा. म्हणाल तिथं नेऊन सोडतो."

तो दार धरून उभा राहिला.

आतून पाटावर ताट ठेवल्याचा आवाज आला. मग आणखी एक ताट. मग शुभांगीचं बोलणं, हलक्या आवाजात, मध्ये थांबून कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखं. लताबाई तोवर पाण्याची कळशी घेऊन बाहेर ओट्यावर आली होती.

रेघ सरळच होती.