धाकटी केलेली थोरली

“आई, मंगला शीतलपेक्षा लहान असूच शकत नाही!”

खिडकीशी उभं राहून, एक्स-रेची काळी फिल्म उजेडात धरून प्रसाद म्हणाला, आणि भाकरी थापणारा कमलमामींचा हात परातीत तसाच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी कुणाला भान नव्हतं. पाटावर शीतलशेजारी जेवायला बसलेल्या मामांनी घास हातातच धरून ठेवला होता. आणि ताटात आमटी वाढणाऱ्या मंगलाच्या छातीत असं काही धडधडायला लागलं, की ते सगळ्यांना ऐकू जाईल अशी तिला भीती वाटली...

प्रसाद म्हणजे मामींचा मोठा मुलगा. धारवाडच्या डेंटल कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. दातांच्या एक्स-रेवरून मुलामुलींचं वय किती बरोबर सांगता येतं, हा त्याच्या सरांचा अभ्यासाचा विषय होता. त्यासाठी वय ठाऊक असलेली तरुण मुलं-मुली हवी होती, म्हणून त्यानं हुबळीत केशवापुरातली शेजारपाजारची पोरं गोळा केली आणि शीतल-मंगला या घरच्या दोघींनाही बसमध्ये बसवून नेलं. दोघी हसतखेळत गेल्या होत्या. त्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून उभं राहताना मंगलाला पुसटशीही कल्पना नव्हती, की आपलं तोंड मिटलेलं असलं तरी आपले दात बोलणार आहेत!

“हे बघ की. शीतलच्या अक्कलदाढेची मुळं अजून अर्धवट आहेत, टोकं उघडी. अठराव्या वर्षी असतात तशीच. आणि ही मंगलाची. मुळं पुरी वाढलीत, टोकं बंद. सरांनी विचारलं, ही मुलगी वीस-एकवीसची ना? मी म्हटलं, नाही सर, सतराची, माझी आत्येबहीण. सर म्हणाले, घरी जाऊन नीट विचारून ये.”

“दातांचं काय खरं असतं रे?” मामी म्हणाल्या. आवाज मात्र त्यांचा नव्हता.

“एखाद-दीड वर्ष इकडेतिकडे होतं, आई. तीन-चार वर्षं सहसा होत नाही.”

तीन वर्षं! नेमकी तीन वर्षंच तर होती ती!

मंगलाची आई सीता ही मामांची सख्खी बहीण. अळणावरकडच्या खेड्यात तिचं सासर. नवऱ्यामागं वर्षभर अंथरुणावर काढून ती गेली, आणि मामा आठ वर्षांच्या मंगलाला हुबळीला घेऊन आले. आईच्या आजारपणात पोरीकडे बघायला कुणी नव्हतं. हाडं वर आलेली, केसांत उवा, अंगावर फोड. पाचाची म्हटली तरी कुणी संशय घेतला नसता. आणि मामींनी तेच केलं. सगळीकडे पाचच सांगितलं, शाळेतही. शेजारच्या अंबूताईंनी एकदा टोकलं होतं, “अगंबाई, पाच वर्षांच्या पोरीला हे एवढे मोठे दात?” मामींनी तिथल्या तिथं उत्तर दिलं होतं, “आमच्या वन्संचे दात तसेच होते.” प्रसाद तेव्हा अकरा वर्षांचा, पतंगात बुडालेला. त्याला जे सांगितलं ते त्यानं ऐकलं.

मामी वाईट होत्या का? छे! महिनाभर रोज सकाळी मांडीवर घेऊन त्यांनीच तिच्या उवा काढल्या, फोडांवर औषध लावलं, आपल्या वाट्याचं दूध तिला पाजलं. पण त्यांची स्वतःची शीतल सहा वर्षांची होती आणि पोलिओनं तिचा डावा पाय बारीक राहिला होता. घरात थोरली मुलगी असताना धाकटीचं लग्न करायचं नाही, हा या घरचा कायदा. मंगला थोरली म्हणून राहिली असती, तर तिचं आधी करावं लागलं असतं, आणि मग लोकांनी म्हटलं असतं, बघा, भाचीला उजवलं, लंगडी घरात बसली... एका आईच्या काळजातली ती भीती होती. त्या भीतीपायी आठ वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुलीला ‘अक्का’ म्हणायला शिकली.

आणि आता, चार दिवसांपूर्वीच गुरुराजची आई मंगलाला मागणी घालायला येऊन गेली होती. गुरुराज प्रसादचा मित्र, धारवाडला हायस्कुलात मास्तर. प्रसादकडे येता-जाता त्यानं मंगलाला पाहिलं होतं. मंगलानंही त्याला पाहिलं होतं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या हातून चहात साखर दोनदा पडत होती! मामींनी त्या बाईंना चहा-पोहे दिले आणि गोड बोलून सांगितलं होतं, “अजून अठरा पुरी नाहीत हो तिला. शिवाय थोरली बसलीय की घरात.”

ती दोन्ही कारणं आता खिडकीतल्या त्या काळ्या फिल्मवर खोटी ठरली होती. एक शब्द, मंगलानं फक्त एक शब्द बोलायचा होता!

तिनं मामांकडे पाहिलं. आपल्या बहिणीची मुलगी कधी जन्मली हे मामांना ठाऊक नसेल? पण मामांची मान ताटावरून वर झाली नाही. दुर्गदबैलच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणारा, गिऱ्हाइकाशी तासन्‌तास बोलणारा तो माणूस घरात नेहमी असाच मुका व्हायचा. मग तिनं मामींकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता. त्या डोळ्यांत विनवणी होती... सख्ख्या मुलासमोर, मुलीसमोर उघडं पडण्याचं भय होतं. जिनं स्वतःच्या हातांनी आपल्याला माणसात आणलं, तिला खाली बघायला लावायचं? मंगलाचा जीव कळवळला.

“प्रसादण्णा, काहीतरीच काय बोलता!” ती हसली. ते हसू तिला कुठून सुचलं, देव जाणे. “माझे दातच घाईचे. दुसरी कुणीतरी शोधा तुमच्या सरांसाठी.”

प्रसादनं तिच्याकडे बघत फिल्म पाकिटात घातली.

दुपारी शीतल पाय ओढत स्वयंपाकघरात आली. “मंगला, खरं सांग. तू मोठी आहेस काय?”

“नाही गं अक्का.”

“माझी शपथ घे.”

आणि मंगलानं तिच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली! शीतलनं विश्वास ठेवला. ठेवणारच. तिच्याशी मंगला कधी खोटं बोलली नव्हती.

त्यानंतर शीतलला बघायला माणसं यायची, पोहे खायची, ती चालत आली की एकमेकांकडे बघायची आणि कळवतो म्हणून जायची. प्रत्येक नकारानंतर मामी देवघरात जाऊन बसत आणि मंगला शीतलच्या उशाशी. धारवाडला गुरुराज थांबला होता. प्रसादच्या बोलण्यातून तिला कळायचं, त्यानं दोन स्थळं नाकारली, त्याची आई आजारी आहे, डोळे मिटण्याआधी सून बघायची म्हणते... आणि मग मंगलाला अन्न गोड लागेना. आपण जळायचं ते आपल्या इच्छेनं, पण त्या परक्या म्हातारीनं आपल्या खोटेपणापायी का झुरायचं? एक दिवस तिनं प्रसादला दारात गाठलं.

“त्यांना म्हणावं, थांबू नका. मंगलानं सांगितलंय म्हणावं.”

“नीट विचार केलायस?”

“निरोप तेवढा द्या, अण्णा.”

प्रसादनं निरोप दिला. पुढं काय झालं ते तिनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. पण त्या उन्हाळ्यात तो एका लग्नाला जेवून आला आणि दोन दिवस तिच्या नजरेला नजर देईना, तेव्हा तिला जे कळायचं ते कळलं.

नव्याण्णव सालच्या डिसेंबरात शीतलचं नशीब उघडलं. गदगला छापखाना चालवणारा नागेश, शांत मुलगा. तिच्या पायाकडे त्यानं पाहिलं, आणि मग तिच्या तोंडाकडे बघून सरळ हो म्हणाला. साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी ठेवणीतलं लुगडं नेसल्या, त्यांनी पिशवीत नारळ, तांदूळ, खण घेतला आणि “ओळखीच्यांकडे जाऊन येते” एवढंच सांगून त्या बाहेर पडल्या.

त्या परतल्या दिवेलागणीला. उंबऱ्याशीच मटकन खाली बसल्या.

“काय झालं, मामी? पाणी आणू?”

“मी धारवाडला गेले होते गं... गुरुराजच्या घरी. म्हटलं, आता माझ्या शीतलचं ठरलं, आता पाय धरून खरं सांगते, म्हणते, माझी मंगला घ्या... दार एका पोरीनं उघडलं. दिवस गेलेत तिला. म्हणाली, ‘यार बेकागित्री?’ कोण पाहिजे विचारते मला! मी काय सांगू तिला, कोण पाहिजे ते?” मामींनी पदर तोंडात कोंबला. “त्याची आई म्हणाली, तुमच्या मंगलानंच निरोप पाठवला की थांबू नका. पिशवीतल्या खणानारळानं त्या पोरीचीच ओटी भरून आले गं मी!”

मंगला भिंतीला टेकली. तिला वाटलं होतं, हे दुःख आता जुनं झालं. पण त्याच्या घरी बाळ येणार आहे हे ऐकून ते पुन्हा ताजं झालं... आणि लगेच, मनापासून, त्या अनोळखी पोरीचं सुखरूप व्हावं असंही वाटलं.

“काय खरं सांगायला गेली होतीस, आई?” शीतल आतल्या खोलीच्या दारात उभी होती. “प्रसादण्णा म्हणाला होता तेच?”

मामींनी मान हलवली. “आठ वर्षांची आली होती ती. मी पाच सांगितलं. तुझ्यासाठी...”

“माझ्यासाठी!” शीतल लंगडत पुढं आली आणि तिनं मंगलाचे खांदे गदागदा हलवले. “आणि तू माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललीस! तुझ्या त्यागानं माझा पाय सरळ झाला काय? मला एकदा विचारायचं होतंस! मी स्वतः बस धरून गेले असते धारवाडला! माझं लग्न थांबलं असतं तरी मी जगले असते गं, पण आता तुझं हे ओझं घेऊन कसा संसार करू मी?”

आपण कुणाचंतरी भलं करतो आहोत असं मानून मंगलानं ही वर्षं काढली होती. ते भलं कुणाचंच झालं नव्हतं.

“तुझं आयुष्य खाल्लं मी, पोरी...” मामी हुंदके देत होत्या. “पण तूही अशी कशी गं? एकदा तरी तोंड उघडायचं होतंस! एकदा तरी म्हणायचं होतंस, मामी, हे खोटं आहे!”

“म्हणाले होते, मामी.”

मंगलाचा आवाज इतका हळू होता की दुकानातून नुकतेच येऊन दारात थबकलेले मामाही पुढं सरकले.

“शाळेत नाव घालायला नेलंत त्या दिवशी. मास्तरांनी मला विचारलं, बाळ, किती वर्षांची तू? मी आठ म्हणाले. तुम्ही माझं मनगट इतकं जोरात दाबलंत की बांगडी फुटली. मास्तरांना सांगितलंत, हिला अजून मोजता येत नाही. घरी येताना मला पेढा घेऊन दिलात. मला वाटलं, आपण काहीतरी वाईट बोललो. तेव्हापासून मी ते कुणालाच सांगितलं नाही.”

मामी आठवत होत्या, आणि त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. “मलाही ठाऊक होतं, सीतेच्या पोरी,” ते म्हणाले, “मी गप्प बसलो.”

मामी गुडघ्यांवर सरकत मंगलाजवळ आल्या. तिच्या पायांशी हात नेऊ लागल्या, तसे मंगलानं ते वरच्या वर धरले.

“असं करू नका, मामी. तुमच्याच हातांनी वाढले मी.”

“मग आत्ता सांग. सगळ्यांसमोर सांग. मी दाबणार नाही... किती वर्षांची तू, बाळ?”

मंगलानं तोंड उघडलं. इतकी साधी गोष्ट. रस्त्यातलं पोरही सांगतं.

“तेवीस,” ती म्हणाली. “तेवीस पुरी झाली, मामी. चोविसावं चालू आहे.”

आणि मग, त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, ती आवाज करून रडली. शीतल तिला धरून बसली होती. उंबऱ्यावर रिकामी पिशवी पडली होती, अंधार पडला होता, आणि दिवा लावायला कुणीच उठलं नाही.