टाकीतलं घर

विमा कंपनीत तिला सगळे ‘मीनमेख’ म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. पवनचक्कीत थाटलेला संसार, कड्यात कोरलेल्या खोल्या, काठाला बांधून टाकलेल्या बोटीतलं बिऱ्हाड. ज्या घरांना बाकीच्या कंपन्या दारातूनच हात जोडत, ती घरं पाहायला हिला धाडलं जाई. भिंतीतली भेग, उघडी वायर, कुजलेली तुळई ती अशी हुडकून काढायची, की मालकाला वाटावं, ही घर विकत घ्यायलाच आलीय आणि आता भाव पाडतेय.

त्या दिवशीचं घर म्हणजे पाण्याची जुनी टाकी होती. खाली जाड खांब, वर गोल पोट. आतलं पाणी कधीच काढून टाकलेलं. एका सुताराने ती लांब मुदतीच्या कराराने घेऊन राहण्याजोगी केली होती. करारात एक अट मात्र होती: घराचा विमा हवा, नाहीतर जागा खाली करायची.

“या ताई. जिना जरा उभा आहे, कठडा धरून या,” सुताराची बायको म्हणाली. ती शाळेत शिकवायची. बोटांना अजून खडू लागलेला होता.

वर सज्जा होता आणि सज्ज्यातून आत उघडणारं लोखंडी दार. आत पाऊल टाकताच मीनमेखच्या कानांना दडे बसले. चढून आल्यामुळे असेल, असं म्हणून तिने आवंढा गिळला. दडे सुटले नाहीत.

काम मात्र बघत राहावं असं होतं. गोल भिंतीच्या अंगाने वाकवलेली फडताळं, एकही खिळा डोळ्याला दिसत नव्हता. दुपारचं ऊन खिडकीतून येत होतं आणि छतावर त्याची जाळी हलत होती, भरल्या घंगाळावर उन्हाची तिरीप पडली की हलते तशी. तिने घरभर शोधलं. पाणी कुठेच नव्हतं. ओल मोजायचं यंत्र तिने ठिकठिकाणी टेकवून पाहिलं. भिंती ठणठणीत कोरड्या होत्या.

तिच्या हातून पेन्सिल निसटली. पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून तिने खाली पाहिलं. पेन्सिल अजून पडतच होती, झाडाचं पान यावं तशी, डुलत.

सुताराने ती अलगद धरून तिच्या हातात दिली. “होतं असं कधीकधी,” घरात मांजर शिरलंय असं सांगावं तितक्या सहज तो म्हणाला.

छताजवळच्या फळीवर एक मुलगी पाय हलवत बसली होती. शाळेत जायच्या वयाची. शिडी कुठेच नव्हती.

“ही वर चढली कशी?”

“ती चढत नाही,” सुतार म्हणाला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, तसा तो गप्प झाला.

“आज शाळा नाही का हिला?”

“बाहेरचं सोसत नाही तिला,” आई म्हणाली. “डॉक्टर येऊन तपासून गेले. ठणठणीत आहे म्हणाले. इथे असते ती ठणठणीत.”

मीनमेखच्या कपाळाची शीर ताठली. घरांचे दोष ती कागदावर उतरवायची. पण पोरीला कोंडून ठेवणं हा दोष कुठल्या रकान्यात बसणार होता? “विम्याचं मागून बघू. आधी हिला जरा वारं लागू दे,” ती म्हणाली. मुलगी केव्हा खाली आली ते दिसलंच नाही. तिने आपणहून हात पुढे केला. हात गार होता. बोटांची टोकं सुरकुतलेली होती, तासन्‌तास धुणं धुतल्यासारखी.

“ताई, नको,” आई म्हणाली.

मीनमेखने दार उघडलं. कान फट्‌कन मोकळे झाले. ऊन, वारा, लांबून एका ट्रकचा हॉर्न.

मुलगी सज्ज्यात आली आणि हसली.

हसू मध्येच अडकलं.

तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज नाही. डोळे आईकडे नव्हते. मीनमेखवर खिळले होते.

मीनमेखने पोरीला उचलायला हात घातला. भिजलेलं पोतं उचलावं तसं ते जड शरीर हलेना. आई धावत आली. दोघींनी मिळून तिला आत ओढलं, दार लावलं.

मुलीने धापा टाकल्या नाहीत. ती फक्त निवांत झाली. गालांवर रंग परतला. छाती मात्र हलत नव्हती.

दाराशी सुतार उभा होता. हात पुढे पसरलेले, पावलं उंबऱ्याच्या आतच.

“बाप ना तुम्ही? का नाही आलात बाहेर?” मीनमेखने विचारलं.

उत्तर बायकोने दिलं. “थंडी सरल्यापासून त्यांनाही जमत नाही.”

“मग तुम्ही तरी निघून जा ना इथून!”

“कुठे जाऊ, ताई? या दोघांना ठेवून?”

मुलगी बापाच्या खांद्यावर डोकं टेकून, इतक्यातच झोपली होती. मीनमेखला करारातली ती अट आठवली: विमा नाही, तर जागा खाली. मग तिने तिथेच फडताळाला टेकून, एकही दोष न काढता, घर विम्याला योग्य असल्याचं लिहून सही केली. नोकरीत असं तिने कधी केलं नव्हतं.

बायको तिला फाटकापर्यंत सोडायला आली.

“किती मुदतीचा असतो विमा?”

“एक वर्षाचा. मग पुन्हा पाहणी.”

“तुम्हीच या हं. दुसऱ्या कुणाला पाठवू नका.” तिने फाटकाचा गज घट्ट धरला होता. “आणि मी खाली आले नाही तर राग मानू नका. दार उघडंच ठेवीन. तुम्ही सरळ—”

पुढचं ती बोलत होती. ओठ हलत होते. मीनमेख कान देऊन उभी होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं.