कमरेचा दोर

हेडरा नॅन्स आली ती खुर्चीवर बसलीच नाही. ओल्या बुटांनिशी वेन्ना ट्रेगियरच्या बैठकीच्या खोलीत उभी राहिली आणि तिनं टेबलावर एक रुंद पट्टा ठेवला. पट्ट्याला स्प्रिंगसारखा वेटोळ्यांचा प्लास्टिकचा दोर जोडलेला होता.

"टोबी माझ्यामुळे मेला का, एवढंच मला सांगा," ती म्हणाली. "उद्या बंदर समिती बसणार आहे. मला पुन्हा माणसं समुद्रावर न्यायची परवानगी द्यायची की नाही, ते ठरवायला. समिती काय ठरवायचं ते ठरवो. मला रात्रीची झोप नाही."

वेन्ना पूर्वी विमा कंपनीसाठी बुडालेल्या बोटी तपासायची. आता खाजगी चौकशा करते. बुडालेली बोट आणि बुडालेलं माणूस दोन्ही खोटं बोलत नाहीत, असं तिचं म्हणणं. तिचा शेजारी पास्को हा निवृत्त शाळामास्तर. चौकशी कुठलीही असो, हे गृहस्थ शेपटासारखे मागे. समुद्राशी त्याचा संबंध तळलेल्या मासळीपुरता.

"आधी बस," वेन्ना म्हणाली. "टोबी कोण?"

"आमचं लग्न ठरलं होतं." हेडरा अखेर टेकली. "मी पोर्थवेलनला छोट्या कयाक होड्या आणि पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळ्या, भाड्यानं देते. टोबी उत्तर किनाऱ्याचा, मोठ्या लाटांवर वाढलेला. गेल्या आठवड्यात मी ट्रूरोला गेले होते. निघताना तो म्हणाला, 'संध्याकाळी फळी घेऊन बंदरातच एक फेरी मारतो.' बाहेर लाटा वाढणार होत्या. धोक्याचा लाल बावटा चढवायला हवा होता. पण दुकान बंद, हा आतच राहणार, म्हणून मी चढवला नाही. सकाळी तो बंदराबाहेर, सीलच्या गुहेत सापडला. समिती म्हणते, बावटा असता तर तो बाहेर गेला नसता."

"आणि हा पट्टा?"

"फळी हातची निसटू नये म्हणून दोर असतो. लाटांवर खेळणारे तो घोट्याला बांधतात. आमच्या बंदरात होड्या बांधायच्या साखळ्याच साखळ्या. घोट्याचा दोर साखळीत अडकला की माणूस पाण्यात उलटा लटकतो, हात पायापर्यंत पोचत नाही. म्हणून आमच्याकडे दोर कमरेला. एक हिसका दिला की पट्टा सुटतो."

"टोबी ऐकायचा?"

"हसायचा. म्हणायचा, कमरेला दोर बांधायला मी बकरी आहे का? रोजची भांडणं." हेडराला रडू फुटलं. "त्या दिवशी मात्र त्यानं पट्टा बांधला होता. एकदाच ऐकलं माझं, आणि मेला."

पास्कोनं घाईघाईनं चहा ओतला. कुणी रडलं की त्याला चहा ओतण्यावाचून काही सुचत नाही.

*

पोर्थवेलनच्या बंदराला दोन्ही बाजूंनी कड्यांनी कवेत घेतलंय. मधून जेमतेम एक वाट. आत पाणी निजलेलं आणि वाटेपलीकडे खडकांवर आपटणारा समुद्र. हेडराची शेड उताराच्या डोक्यावर होती.

भिंतीवर रबरी बूट ओळीनं टांगले होते. वेन्ना एकेका जोडीजवळ थांबली.

"यातले टोबीचे कुठले?"

"हे, निळे."

"गुहेत सापडला तेव्हा पायांत काय होतं?"

"काही नाही. अनवाणीच होता."

"आणि त्याचा घोट्याचा दोर?"

हेडरानं खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. तिनं पेट्या उघडल्या, फळ्यांच्या मागे पाहिलं. "लालभडक होता, दुरूनसुद्धा दिसेल असा. इथंच कुठंतरी असेल."

"असायला हवा," वेन्ना म्हणाली. "पट्टा बांधून गेला असेल, तर दोर घरी राहायला हवा."

पास्कोला वाटलं, बाई उगीच खुंट्या मोजत बसलीय. बुडालेल्या माणसाच्या बुटांचं काय एवढं?

जागो ॲनिअर बाहेर कयाक धूत होता. हेडराचा मदतनीस. लोकांना कयाकमधून खडकांच्या कडेकडेनं फिरवून आणायचं हे याचं काम. टोबीला शोधणारा हाच.

"तुझं हेडरावर प्रेम होतं म्हणे," वेन्नानं सरळ विचारलं.

जागोनं नळ बंद केला. "होतं नाही, आहे. गावात कुणालाही विचारा, हेडरा सोडून. म्हणून मी त्याला मारला, असं म्हणायचंय का?"

"अजून काही म्हणायचं नाही. सापडला कसा, ते सांग."

"गुहेच्या तोंडाशी फळी डुलत होती. दोराच्या टोकाला तो. उजव्या घोट्यावर निळं कडं उमटलं होतं, कातडी सोललेली. खडकात पाय अडकला असणार, असं पोलीस म्हणाले."

"आणि वल्हं? ते तर वाहून गेलं असेल."

"नाही ना! फळीवरच होतं. लवचिक पट्ट्यांखाली खोचलेलं, वरून सुतळीचे दोन वेढे. वाटलं, दमला असेल, वल्हं बांधून बसला असेल जरा."

"बाहेर इतक्या लाटा असताना?"

जागोनं खांदे उडवले. मग हलक्या आवाजात म्हणाला, "सापडला हे तरी नशीब. हेडराचा थोरला भाऊ पेरन खेकड्यांच्या बोटीवरून समुद्रात पडला, तो सापडलाच नाही. तिची आई मरेपर्यंत रोज संध्याकाळी त्या कड्याच्या टोकावर उभी राहायची. तिचे वडील डेन्झिलकाका हात धरून घरी आणायचे. आता टोबी हेडराला लग्नानंतर उत्तर किनाऱ्यावर न्यायचं म्हणत होता. काकांना अजून सांगायचं होतं."

"तू गिऱ्हाइकांना बुटांशिवाय बाहेर नेतोस?"

"त्या शिंपल्यांवरून? तळपायाची चाळण होईल! मी तर आधी बूट चढवतो, मग नाव विचारतो."

*

हेडराचे वडील डेन्झिल नॅन्स धक्क्याच्या टोकाला बसून खेकड्यांचा पिंजरा दुरुस्त करत होते. अनवाणी. कमरेला जुनं चामडी म्यान लोंबत होतं. गाठ मारून झाली की ते सुतळी दातांनी तोडायचे.

"या वयात असे दात!" पास्को कौतुकानं म्हणाला. "माझे तर भाकरीला घाबरतात."

"समुद्राचं पाणी," म्हातारा म्हणाला. पण हसला नाही. त्याची नजर होड्यांमधल्या पाण्यावर होती.

"तुम्ही बूट घालत नाही?" वेन्नानं विचारलं.

"रबरी मोजे? ती शहरी थेरं. आमच्या सात पिढ्या या खडकांवर अनवाणी चालल्या."

"टोबी कसा होता?"

"बरा होता."

"हेडराला घेऊन जाणार होता."

डेन्झिलचे हात थांबले. "जाणारी माणसं जातात, बाई. धरून कोण राहिलंय?"

शेडच्या दारातून हेडरानं मोठ्या करंजीसारखी खिमा भरलेली पेस्टी दाखवत हाक मारली. "बाबा! पेस्टी गरम आहे, खाऊन घ्या!"

"नंतर," ते न वळता म्हणाले.

"आज उधाणाची ओहोटी आहे ना?" वेन्ना म्हणाली. "पाणी फार खाली जाईल."

"जाईल."

"होड्यांच्या साखळ्याही उघड्या पडतील?"

म्हाताऱ्यानं एकदा पाण्याकडे पाहिलं. मग "पडतील थोड्या," म्हणाला आणि सुतळी उचलली.

परत येताना पास्को म्हणाला, "मला तर तो जागोच वाटतो. प्रेम केलं, शोधलंही यानंच. चोराच्या मनात चांदणं."

"पेस्टी खा, पास्को," वेन्ना म्हणाली. तिनं स्वतः मात्र घास घेतला नाही. खिडकीशी उभी राहून ती उतरणारं पाणी पाहत राहिली.

ओहोटीनं होड्या चिखलावर कलंडायला लागल्या, तसा धक्क्यावरचा म्हातारा उठला. पिंजरा तिथंच टाकून पाण्यात उतरला.

"चला," वेन्ना म्हणाली. "हेडरा, तूही. तुला वाईट ऐकावं लागणार आहे. नको असेल तर आत्ताच सांग."

हेडरा निघाली. मागून जागो आणि पास्को.

*

डेन्झिल गुडघाभर पाण्यात स्वतःच्या होडीच्या साखळीशी वाकले होते. चौघांना पाहून सरळ झाले. हात रिकामेच होते.

"डेन्झिल, राहू द्या तसंच," वेन्ना उतारावरून म्हणाली. "मला जेवढं कळलं ते सांगते. चुकलं तर थांबवा."

म्हाताऱ्यानं ओले हात कपड्यांना पुसले.

"टोबी बंदराबाहेर गेलाच नाही. बाहेर जाणारा बूट घालतो, त्याचे बूट खुंटीवर होते. तो म्हणाला होता आत राहीन, आणि आतच राहिला. बावटा असता काय, नसता काय."

हेडरानं तोंडावर हात धरला.

"पट्टा त्यानं बांधला नव्हता. घोट्यावर कडं होतं आणि घोट्याचा दोर गायब. रोजच्यासारखाच तो दोर पायाला बांधून निघाला होता. हेडरा ज्याची भीती घालत होती, तेच झालं. दोर साखळीत अडकला आणि तो इथं बुडाला. मग कुणीतरी दोर कापला, शेडमधला पट्टा त्याच्या कमरेला बांधला आणि फळीसकट त्याला ओढत बाहेर नेलं."

"ओढत नेलं, हे कशावरून?" पास्कोनं विचारलं.

"वल्ह्यावरून. पाण्यात पडलेला माणूस वल्हं बांधून पडत नाही. होडीमागे काही बांधून न्यायचं असेल तर त्यावर सुटं काही ठेवायचं नाही, ही जुन्या नावाड्यांची सवय. हातानं आपोआप वेढे घातले. सुतळीचे."

जागोचा चेहरा पांढरा पडला होता. "सुतळी शेडमध्येही असते. मी पण हे करू शकलो असतो."

"तू असतास तर त्याला बूट घातले असतेस. तू नाव विचारायच्या आधी बूट घालतोस. हे करणाऱ्याला बूट आठवलेच नाहीत, कारण त्यानं जन्मात कधी घातले नाहीत." वेन्ना दोन पावलं खाली उतरली. "आणखी एक. गुन्हा लपवणारा प्रेत ओहोटीबरोबर सोडून देतो. समुद्र गिळून टाकतो, कटकट मिटते. यानं उलटं केलं. माणूस फळीपासून सुटू नये म्हणून पट्टा बांधला, आणि जागो सकाळी जिथून जातो त्या गुहेत नेऊन ठेवला. हे करणाऱ्याला टोबी सापडायलाच हवा होता. ज्याच्या घरी एक माणूस कधी सापडलं नाही, त्यालाच हे सुचतं."

समुद्रपक्षी ओरडत होते.

"तुमचं म्यान रिकामं आहे, डेन्झिल. कोळी सुतळी दातांनी तोडत नाही, सुरी हरवली तर दुसऱ्या दिवशी नवी घेतो. तुम्हाला सुरी पुन्हा हातात धरवत नाही. आणि सकाळपासून तुम्ही याच साखळीची वाट बघत होतात."

जागो पाण्यात उतरला. साखळीच्या तळाशी, शेवाळात, लाल प्लास्टिकची वेटोळी आवळून बसली होती. टोक स्वच्छ कापलेलं.

"हात पोचला तिथवर कापला," डेन्झिल म्हणाले. "हा तुकडा राहिला. टोबीनं मला इथंच सांगितलं, पोरी. फळीवर उभा राहून, हसत. 'हेडराला नेतोय, तुम्हीही या.' मी होडीत होतो. फळीचं टोक धरून हिसका दिला. रागानं. तो पडेल, भिजेल, एवढंच. पडला आणि वर आलाच नाही."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" हेडरा ओरडली. "समिती माझ्यावर ठपका ठेवतेय, आणि तुम्ही पिंजरे विणत बसलात?"

"इथं सापडला असता तर साखळीतला दोर दिसला असता, म्हणून बाहेर नेला. वाटलं, कमरेला पट्टा दिसला की तुला कुणी बोल लावणार नाही. बावट्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. उद्या समितीसमोर सांगणार होतो. रोज ठरवायचो." त्यांनी दोन्ही हातांनी साखळी धरली. "पण त्याला हरवू नाही दिलं. तुझ्या आईसारखं तुला त्या टोकावर उभं राहायला लागू नये म्हणून."

हेडरा पाण्यात उतरली. वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली. रिकाम्या म्यानाकडे बघत होती.

"बाबा, सुरी हातात होती ना? तो पाण्याखाली धडपडत होता तेव्हा?"

वेन्नानं डोळे मिटले. हा प्रश्न तिच्याही मनात होता. तो तिनं विचारला नव्हता.

"होती," डेन्झिल म्हणाले.

"मग?"

"मनात आलं, आता हा तुला नेणार नाही." म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही. "एवढंच मनात आलं. मग लगेच वाकलो. पण तेवढा वेळ गेला होता."

हेडरानं त्यांना मारलं नाही की मिठीही मारली नाही. ती वळली, उतार चढून वर गेली. जागो तिच्यामागे निघाला, तसा पास्कोनं त्याचा दंड धरला. पास्कोला आयुष्यात एकदा तरी वेळेवर काही सुचलं.

"त्यानं माझं ऐकलं नव्हतं," ती शेडपाशी स्वतःशीच म्हणाली. "मला वाटलं, ऐकलं." आणि मोठ्यानं रडू लागली.

वेन्ना पाण्यापर्यंत गेली आणि तिनं हात पुढे केला. डेन्झिलनं तो धरला. "पोलिसांना मीच फोन करतो," ते म्हणाले. "तेवढं मला करू द्या."

बाहेर समुद्र आज शांत होता. तरी ते तिघं डेन्झिलला घेऊन वर आले, तेव्हा काठीवर लाल बावटा चढलेला होता. हेडरा दोरी घट्ट बांधत होती. वडील जवळून गेले तेव्हा तिनं वर पाहिलं नाही, पण गाठ मारायची थांबली.

"पेस्टी निवली असेल," ती म्हणाली. "जाण्याआधी खाऊन घ्या."