भूपेंद्रचा उजवा हात

मेहरूण तलावाच्या वळणावर त्या रविवारी सकाळी तोताराम नाना भेटले नसते, तर दिपमालाचा दिवस किती छान गेला असता. पण नाना भेटले. गळ्यात मफलर, पायात पांढरे बूट, आणि चालता चालता अख्ख्या जळगावची खबर ठेवणारे डोळे. ते भूपेंद्रचे चुलतकाका. म्हणजे लग्न ठरलंच तर दिपमालाचे चुलतसासरे.

तिने गाडी बाजूला घेतली. वडिलांची जुनी काळी मोटरसायकल, आता पूर्णपणे तिचीच झालेली. मागे भूपेंद्र बसला होता. आत्ता आत्तापर्यंत तो तिच्या कानाशी गुणगुणत होता, तलावातले बगळे दाखवत होता, आणि तिच्या वेणीची टोकं वाऱ्याने नाकात जातात म्हणून मुद्दाम शिंकून दाखवत होता. नाना दिसताच गुणगुणणं बंद झालं.

"काय रे भूपेंद्र," नाना म्हणाले, "तू मांगे? आन् पोर गाडी चालाडी राहिनी? तुना हातले काही लागनं का?"

किती साधा प्रश्न होता. 'नाही नाना' एवढंच म्हणायचं होतं. दिपमाला आरशात बघत वाट पाहत राहिली. आरशात भूपेंद्रचा चेहरा गोरामोरा झाला, आणि मग...

"हो ना नाना," तो म्हणाला. "जरा मुरगळना. उजवा."

झालं. नानांचा जीव कळवळला. "मंग पहिले सांगाले नको?" म्हणत त्यांनी गळ्यातला मफलर सोडला, भूपेंद्रच्या धडधाकट हाताची झोळी केली आणि त्याच्या मानेमागे अशी गाठ मारली की बैलालासुद्धा सुटली नसती. दिपमालाला म्हणाले, "बेटा, सावकाश चालाड. खड्डा दखीसन." आणि खिशातून फोन काढत पुढे निघून गेले.

दिपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय होतं?" तिने वळूनही न बघता विचारलं.

"अगं, ते नाना... तुला माहीत नाही आमचे लोक. बायकोच्या मागे बसला म्हणून लग्नापर्यंत चेष्टा करतील."

"मी तुझी बायको नाही. अजून."

तिने 'अजून' हा शब्द असा काही उच्चारला की भूपेंद्रने झोळीतला हात आणखी आत घेतला.

तिच्या रागाला कारण होतं, आणि ते समजायला मागचा पावसाळा सांगायला हवा. दिपमाला एका ठिबक सिंचनाच्या कंपनीत होती. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, सगळ्या केळीच्या बागा तिने याच गाडीवरून पालथ्या घातल्या होत्या. त्या रस्त्यांवर गाडी बंद पडलेले पुरुष नेहमी भेटत. ती लिफ्ट द्यायची. आणि प्रत्येकजण, अगदी प्रत्येकजण, गाडीजवळ येऊन एकच विचारायचा, "मी चालवू का ताई?" जणू त्याची गाडी पेट्रोल संपून रस्त्यात उभी होती, ती तिच्याचमुळे. मग एकदा यावलच्या पुढे, दोन्ही बाजूंना केळी आणि मधे चिंब भिजलेला रस्ता, तिथे एक उंच, चष्मेवाला माणूस पेट्रोल संपलेल्या गाडीजवळ छत्री धरून उभा दिसला. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा, भूपेंद्र नावाचा. ती थांबली. त्याने चष्मा पुसला, गाडीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मागे बसू? छत्री मी धरतो. तुमच्यावर."

आणि बसला. मुकाट्याने, आनंदाने बसला. छत्री वाऱ्याने उलटी झाली तेव्हा तो इतका हसला की तिलाही गाडी चालवता येईना. त्या दिवशीच ती निम्मी त्याची झाली होती. उरलेली निम्मी नंतरच्या रविवारांनी केली. दर रविवारी ते असेच निघायचे, कुठे पोचायची घाई नसायची, शहराला सावकाश एक फेरी. ती पुढे, तो मागे. तो दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा, शेंगदाणे सोलून तिच्या खांद्यावरून पुढे धरायचा. तिला वाटायचं, हा वेगळा आहे.

वेगळा! मफलरात हात घालून बसलेला वेगळा.

"काढ तो मफलर," आकाशवाणी चौकात सिग्नलला ती म्हणाली.

"इथे? समोर बघ ना... ते रसवंतीवाले. साक्रीचे आहेत. माझ्या वडिलांच्या ओळखीचे."

रसवंतीवाल्याने खरंच हात केला आणि लांबूनच विचारलं, "प्लास्टर नही कया का?" भूपेंद्रने कण्हल्यासारखं हसून मान हलवली. दिपमालाने सिग्नल सुटायच्या आत क्लच सोडला आणि भूपेंद्रला दोन्ही हातांनी सीट धरावी लागली. मुरगळलेल्या हातानेसुद्धा.

"हळू गं..."

"का? हात दुखला?"

फुले मार्केटजवळ त्याचा फोन वाजला. मावशी. हळद आणि तुरटीचा लेप सांगत होती. लांडोरखोरी उद्यानाच्या फाटकापाशी पुन्हा वाजला. साक्रीहून कोणीतरी. हाड मोडल्याचं तिकडे पक्कं झालं होतं. लांडोरखोरीत झाडांखाली नेहमीच्या बाकावर ती दोघं बसली खरी, पण मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. थंडीतलं कोवळं ऊन होतं, एक लांडोर आपल्या पिलांना घेऊन वाळक्या पानांतून चालली होती, आणि दिपमालाला त्यातलं काहीच गोड लागत नव्हतं.

"एवढं काय झालं?" भूपेंद्र हळूच म्हणाला. "एक छोटीशी थाप. कोणाचं काय बिघडलं?"

"माझं बिघडलं. मी पावसात चालवते, चिखलात चालवते, केळीचे ट्रक अंगावर येतात तेव्हा चालवते. आणि तू एका वाक्यात त्याचं काय केलंस? तुझं आजारपण. भूपेंद्रचा हात मोडला, म्हणून बिचारीला चालवावी लागली. म्हणजे तुझा हात बरा झाला की मी मागे, असंच ना?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"तू काही म्हटलंच नाहीस. तेच म्हणते मी."

तो मफलरच्या दशांशी चाळा करत राहिला. तिला एक क्षण त्याची दयासुद्धा आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला.

"आज तुझे आबा मला विचारणार आहेत," ती म्हणाली. "साखरपुड्याची तारीख काढू का म्हणून. माझ्या घरच्यांनी सगळं माझ्यावर सोपवलंय. काय सांगू मी त्यांना?"

"हो सांग ना..." त्याचा आवाज अगदी बारीक झाला.

"मी हो म्हणणार होते ते मागे बसणाऱ्याला. झोळीवाल्याला मी ओळखत नाही."

पिंप्राळ्याच्या पुढे नानांचं शेत होतं. हिवाळ्यात जळगावात ज्याच्याकडे शेत आहे, त्याच्याकडे भरीत पार्टी होते आणि ज्याच्याकडे नाही तो जातो. आज नानांकडे सगळे जमले होते. भूपेंद्रचे वडील भिकन आबा आणि आई लताबाई साक्रीहून आले होते. कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या आगीत हिरवी वांगी भाजत होती. बडगीत, म्हणजे लाकडाच्या लांबट उखळीत, ती मिरची-लसणाबरोबर ठेचण्याचा आवाज लांबून ऐकू येत होता. या दोघांची गाडी बांधावर आली तसा तो आवाज थांबला आणि सगळं कुटुंब भूपेंद्रच्या हाताकडे धावलं.

त्याला खाट मिळाली. उशी मिळाली. कोणीतरी हळदीचं दूध आणलं. दिपमालाला काय मिळालं? कौतुक. आणि ते जास्त झोंबलं.

"पोर मोठी गुनी शे," नानांच्या घरच्या इंदिराकाकू तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या. "त्याना हात दुखस म्हनीसन बिचारी एवढी मोठी गाडी चालाडी राहिनी. घाबरू नको बेटा. एकदाव लगीन व्हयनं की तुले गाडीले हात बी लावानी गरज नही."

काकूंच्या मनात माया होती, हे दिपमालाला कळत होतं. म्हणूनच उलटून बोलता येईना. तिने खाटेकडे पाहिलं. भूपेंद्रने हे सगळं ऐकलं होतं. तो हळदीच्या दुधात बघत होता.

पंगत बसली. केळीच्या पानावर वाफाळतं भरीत, कांद्याची पात, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. आबा दिपमालाच्या समोर बसले. घसा खाकरून म्हणाले, "दिपमाला, बेटा, तुना काय विचार शे? तारीख काढूत का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. दिपमालाने भाकरीचा तुकडा मोडला आणि पुन्हा पानात ठेवला.

"आबा," ती अगदी नम्रपणे म्हणाली, "आधी त्यांचा हात बरा होऊ द्या. मग बघू."

"वा," काकू म्हणाल्या, "किती काळजी शे दखा." आणि भरताचा घास करून त्यांनी भूपेंद्रच्या तोंडापुढे धरला. "आ कर, बापू."

भूपेंद्रने तोंड उघडलं नाही. तो काकूंच्या हातातल्या घासाकडे पाहत राहिला. मग दिपमालाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, डोळ्यांत पाणी आलंय ते मिरचीचं वाटावं म्हणून ती पातीचा कांदा खात होती.

तो उठला. मानेमागची गाठ त्याला एकट्याला सुटेना, म्हणून त्याने मफलर डोक्यावरून ओढून काढला. चष्मा त्यात अडकला, तो सोडवला. मफलरची नीट घडी घालून नानांच्या मांडीवर ठेवली. पाण्याच्या मोटारीच्या पाइपाखाली दोन्ही हात धुतले, पानावर येऊन बसला आणि उजव्या हाताने कडक भाकरीचे कडाकड दोन तुकडे केले.

काकूंचा घास हवेतच राहिला.

"नाना," भूपेंद्र म्हणाला, "मना हातले काहीच व्हयेल नही. मी खोटं बोलनू."

"मंग मांगे कसाले बठेल व्हता?" आबांनी विचारलं. आवाज चढला होता.

"कारन ती माझ्यापेक्षा चांगली गाडी चालाडस, आबा." त्याचे कान लालभडक झाले होते, पण तो थांबला नाही. "आन् माले मांगे बठाले आवडस. दर रविवारी बठस. लगीन व्हयनं तरी बठसू. सकायले लाज वाटनी, म्हनीसन थाप मारी. आते त्या थापनी लाज वाटी राहिनी."

बडगीजवळचे दोन-तीन चुलतभाऊ तोंडावर हात धरून हसू लागले. एकाने "ए, मांगे बठ" असा आवाजही काढला. भूपेंद्र भाकरी खात राहिला. खरा राग आला तो नानांना.

"म्हनजे मी सकायपाईन मफलरवाचून थंडीमा कुडकुडी राहिनू," ते म्हणाले, "ते फुकटनं?"

यावर आधी लताबाई हसल्या. मग हसता हसता थांबून पातेल्यातलं भरीत ढवळत, कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "माले कोनी शिकाडं असतं ना, ते मी बी चालाडी असती." आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ही बाई आपल्या घरात एवढी वर्षं आहे हे त्यांना आत्ताच समजलं. मग ते भरीत खाऊ लागले. वाढायला त्यांनी काही मागितलं नाही.

दिपमालाचा राग गेला का? एवढ्या सहज कसा जाईल? सकाळपासून साठवलेला होता. पण तिची भूक मात्र परत आली, आणि तिने दोनदा भरीत मागून घेतलं.

उन्हं कलल्यावर ती दोघं निघाली. सगळं कुटुंब बांधावर उभं राहिलं होतं, निरोपाला कमी आणि बघायला जास्त. चुलतभाऊ तर फोन काढून तयारच होते. दिपमाला गाडीवर बसली, किक मारली आणि मुद्दाम काहीच बोलली नाही. चावी हवी का, पुढे येतोस का, काही नाही.

भूपेंद्र आला. सगळ्यांच्या समोर पाय टाकून मागे बसला.

"अजून रागात आहेस?" त्याने कानाशी विचारलं.

"आहे."

"किती दिवस?"

"ते तू कसा बसतोस त्यावर."

"बरं... मग हात कुठे ठेवू?"

"कुठला?"

"उजवा. तोच जरा नाजूक आहे."

तिला हसू आलं. ते त्याला दिसू नये म्हणून तिने आरसा फिरवायला हात लावला, आणि मग राहू दिला.

"माझ्या खांद्यावर ठेव," ती म्हणाली. "सगळ्यांना दिसेल असा."

त्याने ठेवला. हाताला भरताचा, लसणाचा वास होता.

"दिपमाला," मागून आबांनी हाक मारली, "हात ते बरा दखास. मंग तारीखनं काय?"

तिने मान वळवली. सगळे उभे होते, काकू, लताबाई, गळ्यात पुन्हा मफलर गुंडाळलेले नाना. खांद्यावरचा हात जागचा हलला नव्हता.

"काढा, आबा," ती म्हणाली, आणि पहिला गिअर टाकला.